लक्षणांपासून मूल्यांपर्यंत : तामलवाडी परिसरातील नीतिशिक्षणाची भाषा

सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरील तामलवाडी हे गाव 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होते, तर दक्षिणेस जवळच असलेले सोलापूर मुंबई इलाख्यात होते. त्यामुळे माणसाच्या वागणुकीविषयीची मराठी शब्दसंपत्ती या भागात दोन भिन्न राजवटींच्या छायेत घडत गेली.

या शब्दसंपत्तीचा सर्वांत खोल थर संतसाहित्याचा आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या व सोळाव्या अध्यायांत अमानित्व, आर्जव, अभय यांसारखे गुण एकेक करून उलगडले आहेत, आणि दासबोधाच्या दुसऱ्या दशकात तर मूर्खलक्षण, उत्तमलक्षण व पढतमूर्खलक्षण असे स्वतंत्र समासच आहेत. लक्षण म्हणजे ज्यावरून माणूस ओळखावा अशी वर्तनातील खूण. म्हणूनच या परंपरेत नीती ही आधी पाहण्याची आणि मग सांगण्याची गोष्ट ठरते. मुलाला लहानपणी लागलेली सवय या अर्थाचा ‘वळण’ हा घरगुती शब्द याच दृष्टीचा आहे. इमान, नियत, अब्रू आणि वडीलधाऱ्यांसमोर पाळायची ‘अदब’ हे फारसी-अरबी वळणाचे शब्दही मराठीत इतके मुरले की त्यांचे परकेपण उरले नाही.

मुंबई इलाख्यात छापील पुस्तकांनी नीतीला शाळेत आणले. सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 1828 मध्ये इसापाच्या कथा मराठीत आणल्यानंतर गोष्ट आणि तिच्याखाली ‘तात्पर्य’, म्हणजे गोष्टीतून काढलेला बोध, ही रीत रुळली. हैदराबाद संस्थानात मात्र वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू झाले. त्याला उत्तर म्हणून तामलवाडीच्याच जिल्ह्यातील हिप्परगा येथे 1921 मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली, आणि पुढे स्वामी रामानंद तीर्थ या नावाने संस्थानातील मुक्तिलढ्याचे नेतृत्व करणारे व्यंकटेश खेडगीकर तेथे शिक्षक होते. अशा शाळांनी शील हा शब्द स्वावलंबन व देशसेवेशी जोडला, आणि त्यामुळे व्यक्तीचे चांगले असणे हा सार्वजनिक विषय बनला. या जिल्ह्याच्या नैतिक इतिहासात याहून मोठे वळण दुसरे नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून शील या शब्दाला पंचशीलाचा, म्हणजे हिंसा, चोरी, व्यभिचार, असत्य व मद्यपान यांपासून दूर राहण्याच्या पाच व्रतांचा, नेमका अर्थ महाराष्ट्रातील हजारो घरांत मिळाला.

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर ‘मूल्यशिक्षण’ ही संज्ञा प्रचारात आली आणि वक्तशीरपणा, श्रमप्रतिष्ठा, संवेदनशीलता अशी नामे शाळांच्या परिपाठात उच्चारली जाऊ लागली. स्त्री-पुरुष समानता व वैज्ञानिक दृष्टिकोन यांना या यादीत मिळालेले स्थान ही जुन्या शब्दसंपत्तीला पडलेली खरी भर आहे. तथापि मूल्याचे नाव पाठ होते आणि त्याचे लक्षण दाखवायचे राहून जाते, ही या संज्ञेची उणीव शिक्षकांनी दासबोधाच्या पद्धतीने, वर्तनाची उदाहरणे समोर ठेवून, भरून काढावी.