परदेशातील स्पोर्ट्‌स कार भारतात कायदेशीर मार्गाने कशी आणायची? नियम, खर्च आणि पासिंग

जपानमधील लिलावात वीस-पंचवीस वर्षांची स्पोर्ट्‌स कार तुलनेने स्वस्तात मिळते, दुबईत महागडी गाडी वर्षभर वापरून निम्म्या किमतीला निघते, अशा गोष्टी आपण नेहमी ऐकतो. मग प्रश्न पडतो, की ती गाडी जहाजाने न्हावा शेवाला उतरवून, कर भरून, सातारा किंवा सांगलीच्या आरटीओत पासिंग करून घेता येईल का?

काही गाड्यांच्या बाबतीत याचे उत्तर 'हो' आहे, बहुतेक गाड्यांच्या बाबतीत 'नाही'. हा निर्णय आरटीओत होत नाही. गाडी बोटीत चढण्यापूर्वीच तो झालेला असतो. कारण परवानगी तीन गोष्टींवर ठरते: गाडीचे वय, स्टिअरिंग कोणत्या बाजूला आहे आणि गाडी कोणत्या देशातून निघाली. यातले काही चुकले, तर नंतर कितीही कर भरायची तयारी असली तरी उपयोग होत नाही.

वयाचा नियम: ३ आणि ५० वर्षे

आयातीचे धोरण केंद्र सरकारचे विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, ठरवते. त्यानुसार गाड्यांचे तीन गट पडतात.

१) नवी गाडी. जिची कोणत्याही देशात नोंदणी झालेली नाही आणि जी आधी विकली, भाड्याने किंवा वापरायला दिलेली नाही, तीच 'नवी'. परदेशात एकदा नंबर पडला, की गाडी फक्त दहा किलोमीटर चाललेली असली तरी ती जुनीच धरली जाते.

२) जुनी, पण उत्पादनाच्या तारखेपासून ३ वर्षांच्या आतली गाडी. ही अटींवर आणता येते.

३) ५० वर्षांहून जुनी, म्हणजे व्हिंटेज गाडी. पूर्वी ही सवलत १९५० पूर्वी बनलेल्या गाड्यांनाच होती. २०२५ मध्ये ती ५० वर्षांवरील गाड्यांना लागू झाली.

३ ते ५० वर्षांच्या मधल्या गाड्यांना सर्वसाधारण मार्ग बंद आहे. ज्या गाड्यांची स्वप्ने तरुण मुले पाहतात त्या नेमक्या याच पट्ट्यात येतात. निसान स्कायलाइन जीटी-आर 'आर३४' १९९९ ते २००२ या काळात बनली. टोयोटा सुप्राची गाजलेली चौथी पिढी १९९३ ची. या गाड्या अमेरिकेत आणता येतात, कारण तिथे २५ वर्षांहून जुन्या गाडीला सुरक्षा मानकांतून सूट आहे. इंटरनेटवर वाचायला मिळणारा '२५ वर्षांचा नियम' हा अमेरिकेचा आहे. भारतात तसा नियम नाही.

व्हिंटेज गाडी आणली तरी ती रोज वापरता येत नाही. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा गाडीला नंबरमध्ये 'व्हीए' अक्षरे असलेली वेगळी पाटी मिळते. नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असून ती १० वर्षे टिकते. गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे किंवा दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढता येते.

नव्या गाडीच्या अटी

- स्टिअरिंग उजव्या बाजूला हवे.
- स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा.
- हेडलाइटचा झोत डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला साजेसा हवा.
- गाडी ज्या देशात बनली, त्याच देशातून थेट यायला हवी.
- ठरवून दिलेल्या बंदरांतून किंवा विमानतळांतूनच ती आणता येते. आपल्यासाठी न्हावा शेवा आणि मुंबई ही सोयीची ठिकाणे.

चौथी अट अनेकांना माहीत नसते. जपानमध्ये बनलेली नवीकोरी गाडी दुबईच्या शोरूममधून घेतली, तर ती 'नवी' म्हणून भारतात येऊ शकत नाही. शिवाय आखाती देशांत गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या असतात, त्यामुळे ती पहिल्याच अटीत बाद होते. उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया अशा देशांत मिळतात.

स्टिअरिंग इथे आणून बदलून घेऊ, हा विचारही सोडून द्यावा. अट आयातीच्या वेळी पूर्ण व्हावी लागते. त्याशिवाय मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनाजोगे बदल करू देत नाही.

गाडीचे मॉडेल भारतीय नियमांत बसते, याचे प्रमाणपत्रही लागते. हे काम पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा मान्यताप्राप्त संस्था करतात. महागड्या आणि मोठ्या इंजिनाच्या गाड्यांसाठी आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या संस्थेचे प्रमाणपत्र चालण्याची सोय धोरणात आहे. २०१८ पासून कंपन्यांना आणि त्यांच्या अधिकृत प्रतिनिधींना वर्षाला २,५०० पर्यंत गाड्या इथली वेगळी चाचणी न करता आणता येतात, मात्र त्या युरोप किंवा जपानच्या मानकांत बसणाऱ्या हव्यात. त्यामुळे ज्या कंपनीचा भारतात अधिकृत विक्रेता आहे, तिची गाडी त्याच्याचकडून मागवणे सर्वांत सोपे. कागदपत्रे, चाचणी आणि कस्टम्स ही जबाबदारी मग त्याच्याकडे राहते.

तीन वर्षांच्या आतल्या जुन्या गाडीच्या अटी

जुनी गाडी फक्त मुंबई बंदरातून आणता येते. स्टिअरिंग उजवे हवे. आयातीच्या तारखेपासून किमान ५ वर्षे ती रस्त्यावर चालण्यायोग्य असेल आणि त्या काळात तिची सर्व्हिस मिळेल, याची हमी द्यावी लागते. जहाजात चढण्यापूर्वी परदेशातील तपासणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. इथे आल्यावर एआरएआय, व्हीआरडीई किंवा मध्य प्रदेशातील बुदनीच्या संस्थेत पुन्हा चाचणी होते.

परदेशात सलग दोन वर्षे राहून कायमचे परतणाऱ्यांसाठी स्वतःची गाडी आणण्याची वेगळी तरतूद आहे. गाडी किमान एक वर्ष त्यांच्या ताब्यात असावी लागते आणि परतल्यापासून सहा महिन्यांत ती आणावी लागते. पण ही सवलत परवानगीची आहे. कर पूर्ण भरावा लागतो.

खर्चाचा हिशेब

कराचा पाया म्हणजे गाडीची किंमत, जहाजाचे भाडे आणि विमा यांची बेरीज. तिला सीआयएफ किंमत म्हणतात. ४० हजार डॉलरहून महाग नव्या गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लागतो. एकूण ११० टक्के. त्या साऱ्या रकमेवर जीएसटी आहे. मोठ्या गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला आणि वेगळा सेस गेला.

सीआयएफ किंमत १ कोटी रुपये धरली, तर हिशेब असा होतो:

- सीआयएफ किंमत: १ कोटी
- सीमाशुल्क व उपकर, ११० टक्के: १ कोटी १० लाख
- २ कोटी १० लाखांवर ४० टक्के जीएसटी: ८४ लाख
- बंदराबाहेर पडताना: २ कोटी ९४ लाख
- महाराष्ट्राचा मोटार वाहन कर: ३० लाख
- एकूण: ३ कोटी २४ लाख

आयात गाडीवर महाराष्ट्रात २० टक्के एकरकमी कर आहे. वरच्या उदाहरणात तो ५८ लाख ८० हजार झाला असता, पण त्याला कमाल मर्यादा आहे. ती २० लाख होती, जुलै २०२५ पासून ३० लाख झाली. विमा, बंदरावरचा खर्च आणि एजंटचे शुल्क यात धरलेले नाही.

जुन्या गाडीवर कराचा दर नव्यापेक्षा जास्त आहे. सीमाशुल्क आणि उपकर मिळून १३७.५ टक्के, त्यावर जीएसटी. तसेच तुम्ही किती रुपयांना घेतली, हे कस्टम्स अंतिम मानत नाही. गाडी नवी असतानाच्या किमतीतून घसारा वजा केला जातो: पहिल्या वर्षी दर तिमाहीला ४ टक्के, दुसऱ्या वर्षी ३ टक्के, तिसऱ्या वर्षी २.५ टक्के. म्हणजे दोन वर्षांत २८ टक्के. नवी असताना १ कोटीची असलेली गाडी दोन वर्षांनी ७२ लाखांची धरली जाते. भाडे व विमा सोडून तिच्यावर ९९ लाख सीमाशुल्क, मग १ कोटी ७१ लाखांवर ६८ लाख ४० हजार जीएसटी. बेरीज २ कोटी ३९ लाख ४० हजार. परदेशात ती निम्म्या किमतीत मिळाली असली तरी कर ७२ लाखांवरच बसतो. त्यामुळे 'जुनी घेतली की स्वस्त' हे गणित इथे फारसे जमत नाही.

भारत आणि ब्रिटन यांच्यात २४ जुलै २०२५ रोजी झालेल्या व्यापार करारात गाड्यांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने कमी करण्याची तरतूद आहे. ही सवलत ठरावीक कोट्यापुरती आणि ब्रिटनमध्ये बनलेल्या गाड्यांपुरती आहे. ब्रिटनमध्ये विकत घेतलेली जर्मन किंवा इटालियन गाडी त्यात बसत नाही.

बक्षीस मिळालेल्या गाडीलाही कर लागतो का?

या बाबतीत दोन मुंबईकर क्रिकेटपटूंची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. १९८५ मध्ये ऑस्ट्रेलियातील स्पर्धेत रवी शास्त्री यांनी ऑडी गाडी जिंकली. राजीव गांधी यांच्या सरकारने तिच्यावरचे शुल्क माफ केले. २००२ मध्ये सचिन तेंडुलकर यांनी डॉन ब्रॅडमन यांच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा त्यांना फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली. तिच्यावरचे सुमारे १ कोटी १३ लाख रुपयांचे शुल्क माफ करण्यावरून मोठा वाद झाला. सवलत स्पर्धेत जिंकलेल्या बक्षिसाला होती, भेटीला नव्हती. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर ती रक्कम फियाट कंपनीने भरली. कागदावर गाडी कोणत्या सदरात येते, यावर सगळे अवलंबून असते, हे या दोन उदाहरणांतून दिसते.

सातारा-सांगलीत पासिंग

कस्टम्समधून गाडी सुटली की मालक जिथे राहतो तिथल्या आरटीओत नोंदणी होते. सातारा एमएच ११, सांगली एमएच १० आणि कराड एमएच ५०. ताबा मिळाल्यापासून सात दिवसांत अर्ज करायचा असतो. साधारण ही कागदपत्रे लागतात:

- नमुना २० मधील अर्ज
- बिल ऑफ एंट्री आणि शुल्क भरल्याच्या पावत्या
- खरेदीचे बिल
- चाचणी किंवा मानकांचे प्रमाणपत्र
- विमा
- पॅन आणि पत्त्याचा पुरावा

गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. निरीक्षक चासी आणि इंजिन नंबर बिल ऑफ एंट्रीशी ताडून पाहतात. त्यात एका अक्षराचा फरक असला, तरी दुरुस्तीसाठी पुन्हा कस्टम्सकडे जावे लागते. म्हणून बंदरातच हे नंबर स्वतः जुळवून घ्यावेत.

परराज्यातील नंबरचा मुद्दा आपल्या भागात विशेष महत्त्वाचा आहे. विटा, खानापूर, आटपाडी परिसरातील गलाई व्यावसायिक देशभर पसरलेले आहेत. तिकडच्या नंबरची गाडी घेऊन सणाला, जत्रेला गावी येण्यात काही गैर नाही. मात्र गाडी १२ महिन्यांहून अधिक काळ इथेच ठेवली, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार इथला नंबर घ्यावा लागतो आणि महाराष्ट्राचा करही भरावा लागतो. केवळ कर वाचवण्यासाठी दुसऱ्या राज्यातला खोटा पत्ता दाखवला, तर तो गुन्हा ठरतो.

स्वस्तात आलेली आयात गाडी विकत घेताना

इथे खरी फसगत होते, कारण नुकसान शेवटच्या मालकाचे होते. नेहमीच्या पळवाटा अशा:

कार्नेवरची गाडी. परदेशी पर्यटक स्वतःची गाडी कार्ने नावाच्या हमीपत्रावर सहा महिन्यांपुरती आणू शकतो. ती परत न्यावीच लागते. तिची विक्री किंवा इथली नोंदणी होत नाही.

राजनैतिक अधिकाऱ्याच्या नावाची गाडी. परदेशी दूतावासांना शुल्कात सूट असते. अशा नावावर गाड्या आणून बाहेर विकल्याची प्रकरणे महसूल गुप्तचर संचालनालयाने उघड केली आहेत.

शेजारी देशातून आलेली गाडी. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळमध्ये कस्टम्सने 'ऑपरेशन नुमखोर' राबवले. भूतानमार्गे आणून इतर राज्यांत नोंदवलेल्या गाड्यांचा त्यात शोध घेण्यात आला.

आरसी बुक हातात आहे, म्हणजे आयात कायदेशीर, असे समजू नये. चुकीच्या मार्गाने आलेली गाडी सीमाशुल्क कायदा, १९६२ नुसार जप्त होऊ शकते, मग ती किती हातांतून गेली असो. सर्वोच्च न्यायालयाने कोचीनच्या एका पोर्श प्रकरणात नंतरच्या खरेदीदाराला आयातदार मानून त्याच्याकडून शुल्क मागता येत नाही, असा निर्णय दिला आहे. पण तो दिलासा मिळायला त्या खरेदीदाराला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

म्हणून इसारा देण्यापूर्वी मूळ बिल ऑफ एंट्रीची प्रत मागा. तिच्यावरचा चासी नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवा. उत्पादनाची आणि आयातीची तारीख पाहा. दोन्हींत तीन वर्षांहून जास्त अंतर असेल, तर गाडी कोणत्या तरतुदीखाली आली, हे लेखी विचारा. विक्रेता प्रत देत नसेल, तर व्यवहार करू नका.

थोडक्यात

नवी, तीन वर्षांच्या आतली किंवा ५० वर्षांवरची, यांपैकी एका गटात गाडी बसत असेल तरच पुढचा विचार करा. आधी स्टिअरिंग आणि उत्पादनाचा देश पाहा, मग सीआयएफ किंमत काढून तिची किमान तिप्पट रक्कम हाताशी ठेवा. परदेशात पैसे पाठवण्यापूर्वी मुंबईतील परवानाधारक कस्टम्स ब्रोकरकडून त्या दिवशीचे दर आणि अटी लेखी घ्या, कारण दर प्रत्येक अर्थसंकल्पात बदलू शकतात.