कर्करोग आणि वेळेचें मोल

मिरज हें नांव काढतांच कोणास तंबोरे आठवतात, तर कोणास मिशनचें इस्पितळ. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनीं तें १८९४ सालीं सुरू केलें आणि शस्त्रक्रियेसाठीं त्याचा लौकिक दूरवर पसरला. गांवोगांवचे रोगी आगगाडीनें मिरजेस येत. परंतु कर्करोगापुढें कुशल हातासही एक मर्यादा असते. गांठ एका जागीं आहे तोंवरच ती समूळ काढतां येते. ती शरीरांत पसरली म्हणजे शस्त्र अपुरें पडतें. तेव्हां रोगी किती दुरून आला यापेक्षां किती उशिरां आला, हाच खरा प्रश्न होय.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईंत परळ येथें टाटा स्मारक रुग्णालय उघडलें. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं १९४४ सालीं मुखाच्या कर्करोगाच्या एक हजार रोग्यांचा आढावा प्रसिद्ध केला. हा रोग दैवाचा फेरा नसून त्याचा संबंध आपल्या संवयींशीं आहे, ही जाणीव अशा अभ्यासांतून दृढ होत गेली. तंबाखू व सुपारी, दोन्ही कर्करोगास कारण होतात, हें आज निर्विवाद आहे.

तरीही रोग्यानेंच रुग्णालय गांठावें, ही रीत चालूच होती. ती उलटविणारा मोठा प्रयोग उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांत १९९९ सालीं सुरू झाला. टाटा रुग्णालय, बार्शीचें नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि एक आंतरराष्ट्रीय संस्था यांनीं ५२ ग्रामसमूहांतील ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रियांचे चार गट केले. एका गटाची गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण होणाऱ्या विषाणूसाठीं एकदांच तपासणी झाली. २००९ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले: तपासणी न झालेल्या गटांत या रोगानें ६४ मृत्यु, तर विषाणूची तपासणी झालेल्या, संख्येनें थोड्या मोठ्याच, गटांत ३४. तपासणी गांवापर्यंत गेली आणि मृत्यु जवळजवळ निम्म्यावर आले.

आज मिरजेसही कर्करोगाचें स्वतंत्र रुग्णालय आहे. पण त्याचा लाभ आपण केव्हां घेतों, यावरच सारें अवलंबून. तोंडांतील व्रण तीन आठवड्यांत भरून न येणें, तेथें पांढरा वा तांबडा चट्टा उठणें, स्तनांत गांठ लागणें, पाळी गेल्यावर रक्तस्राव होणें, यांपैकीं कांहींही आढळल्यास तज्ज्ञास दाखवावें. दुखत नाहीं म्हणून थांबूं नये. आरंभींची गांठ बहुधा दुखतच नाहीं. आणि घरांतील स्त्रिया लाजेनें गप्प राहतात, त्यांना आपणच विचारावें.