गणिताच्या मास्तरांचा दुसरा विषय

गोपाळ कृष्ण गोखले १८८४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजातून बी. ए. झाले, ते गणित घेऊन. पुढे न्यू इंग्लिश स्कूल आणि फर्ग्युसनमध्ये त्यांनी वर्षानुवर्षं शिकवलं, अंकगणिताचं पाठ्यपुस्तकही लिहिलं. राज्यकारभाराचे धडे मात्र त्यांनी नोकरी सांभाळून घेतले, न्यायमूर्ती रानड्यांकडे.

मी पुण्यात संख्याशास्त्र शिकवते. आता आमच्या मुलांना मुख्य विषयाच्या जोडीला मायनर घ्यावा लागतो. कुणी लोकप्रशासन निवडलं की पालक विचारतात, आकड्यांच्या माणसाला याचा उपयोग काय? मला त्या वेळी गोखल्यांची ही उमेदवारीची वर्षं आठवतात.

लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी सार्वजनिक सभा पुण्यात १८७० मध्ये निघाली, तिचं त्रैमासिक १८७८ मध्ये. १८९० मध्ये गोखले सभेचे चिटणीस झाले, त्रैमासिकही त्यांच्याकडे होतं. सरकारी अहवाल वाचायचे, टिपणं काढायची, सरकारकडे धाडायच्या अर्जाचा मसुदा करायचा आणि रानड्यांच्या नजरेखालून घालायचा, असा तो अभ्यास. पुढच्याच वर्षी सोलापूर-विजापूरकडे लोकांचे फार हाल झाले. सभेने तिथली माहिती गोळा केली, खपून अर्ज लिहिला. सरकारकडून उत्तर आलं दोन ओळींचं: मजकुराची नोंद घेतली आहे. गोखले खट्टू झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिरताना त्यांनी रानड्यांना विचारलं, मग एवढी यातायात कशासाठी? अर्जावर नाव सरकारचं असलं तरी तो असतो लोकांसाठी, रानडे म्हणाले. या गोष्टींचा विचार कसा करायचा हे लोकांनी शिकावं म्हणून. ही आठवण पुढे गोखल्यांनीच सांगितली. लोकप्रशासनाच्या पहिल्या तासाला मी दुसरं काही शिकवलं नसतं.

रानडे १९०१ च्या जानेवारीत गेले. २६ मार्च १९०२ रोजी गोखले कलकत्त्यात केंद्रीय कायदेमंडळात अंदाजपत्रकावर बोलायला उभे राहिले. देश दुष्काळाने खंगलेला आणि सरकार शिलकीचं कौतुक करत होतं. गोखल्यांनी ती शिल्लक उलगडून दाखवली. रुपयाचा भाव कृत्रिमरीत्या १३ पेन्सांवरून १६ पेन्सांवर नेला होता, त्यामुळे विलायतेला धाडायच्या रकमेसाठी सरकारला कमी रुपये लागत होते. कर मात्र चढेच राहिले होते. शिल्लक दिसत होती ती त्यातून. रयतेची भरभराट झाली होती म्हणून नव्हे. मिठावर तेव्हा मणाला अडीच रुपये कर होता, तो उतरवा अशी त्यांची मागणी होती. १९०३ मध्ये तो दोन रुपयांवर आला, १९०५ मध्ये दीडवर आणि १९०७ मध्ये एक रुपयावर. याचं श्रेय एकट्या भाषणाला नाही. पण मिठाचा आकडा त्यांनी वर्षामागून वर्ष लावून धरला, हे खरं.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज काढला, तेव्हा नव्या सदस्याला पाच वर्षं उमेदवारी ठेवली: ग्रंथालयात वाचन, देशभर प्रवास, आणि तोवर जाहीर भाषण बंद. आमच्या मायनरला आठवड्याचे मोजके तास मिळतात. तेवढ्यातही मी मुलांपुढे महापालिकेचं अंदाजपत्रक ठेवते. पाणीपुरवठ्याची तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी शेजारी मांडायला लावते, आणि तफावतीबद्दल आयुक्तांना पत्र लिहायला सांगते, मराठीत, त्यांच्या आजीला वाचून कळेल असं.