पाणी चढतंय की जमीन बसतेय?

मुरूडवरून दक्षिणेला आगरदांड्याला आलं की रस्ता संपतो आणि राजपुरीची खाडी लागते. पलीकडे दिघी, मधे गाड्यांसकट माणसं नेणारी फेरीबोट आणि खाडीच्या तोंडाशी जंजिरा. इथे ज्यांची होडी धक्क्याला बांधलेली असते किंवा ज्यांचं शेत खारीत असतं, त्यांच्याशी बोलताना एक विषय हमखास निघतो. एका वयस्क नाखवांनी मला तो फार नेमक्या शब्दांत विचारला होता. "सर, पाणी वर चढतंय की जमीन खाली बसतेय, ते तुम्ही शिकलेली माणसं एकदा सांगून टाका!"

प्रश्न भोळा वाटतो, पण तसा तो नाही. १८७३ ते १८७५ या काळात सर्व्हे ऑफ इंडियाच्या कॅप्टन बेअर्ड यांनी कच्छच्या आखातात भरतीमापक यंत्रं बसवली, ती याच प्रश्नासाठी. कच्छच्या रणाकडची जमीन आणि समुद्र यांच्या पातळीत काही फरक पडतो आहे का, हे त्यांना पाहायचं होतं. पुढे ही यंत्रं हिंदुस्थानातल्या मोठ्या बंदरांत बसवली गेली. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून पाण्याची पातळी नोंदली जाऊ लागली. हिंदी महासागराच्या काठावर इतकी लांबलचक नोंद असलेली ठिकाणं फारच थोडी आहेत. आगरदांड्यापासून सरळ रेषेत ते सत्तरेक किलोमीटर असेल. आपल्या खाडीला शंभर वर्षांमागची पातळी विचारायची झाली, तर हा शेजाऱ्याचाच दाखला काढावा लागतो.

साहेबाच्या यंत्रापूर्वी इथल्या माणसाला भरती कळत नव्हती, असं मात्र कोणी समजू नये. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते, हा हिशेब आमच्या किनाऱ्यावर लहान पोरालाही येतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो, म्हणून भरतीही तेवढी पुढे सरकते. पाऊण तास हे त्याचंच सोयीस्कर रूप. आवस-पुनवेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. भरतीची वेळ या हिशेबात चोख सापडते, पण पाण्याची उंची त्यात सापडत नाही. आजोबांच्या काळचं उधाण किती उंच होतं, हे कुठल्याच तिथीवरून निघत नाही. त्यासाठी कोणीतरी रोजच्या रोज लिहून ठेवावं लागतं.

लिहून ठेवणाऱ्यांतलं एक नाव आपल्याच किनाऱ्याचं आहे. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, अलिबागजवळच्या नागावचे. जन्म १८२५ चा. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत प्रोफेसर ऑर्लेबार यांच्या हाताखाली ते अगदी पोरसवदा वयात कामाला लागले. हवेची आणि चुंबकत्वाची निरीक्षणं घ्यायची आणि वहीत उतरवायची, असं ते काम. पुढे ज्ञानप्रसारक सभेपुढे त्यांनी हवा, भरती-ओहोटी अशा विषयांवर मराठीत निबंध वाचले. आज आपण ज्याला हवामानशास्त्र म्हणतो, त्याबद्दल मराठीत बोलायला सुरुवात झाली ती अशी.

या वह्यांचं मोल कधी कळावं? कुलाब्याला चुंबकीय नोंदी १८४१ पासून आहेत. १८५९ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्यावर मोठा स्फोट झाला आणि पृथ्वीवर चुंबकीय वादळ आलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली. कुलाब्याच्या निरीक्षकांनी त्या दिवशीही आपलं काम केलं आणि आकडे लिहून ठेवले. जवळजवळ दीड शतकानंतर, २००३ मध्ये, भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखिना, शोभना अॅलेक्स आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी त्या जुन्या नोंदींवरून वादळ किती जबर होतं हे ठरवलं. लिहिणाऱ्याला याची कल्पना असणं शक्यच नव्हतं.

आता या गोष्टीत वीज येते. मुंबईत घोड्याच्या ट्रामऐवजी विजेची ट्राम आणायचं ठरलं. विजेच्या प्रवाहाने चुंबकसुई हलते, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. शहराला हवी ती सोय वेधशाळेच्या दृष्टीने प्रदूषणच होतं, धुरासारखं डोळ्यांना दिसत नव्हतं इतकंच. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस, त्या पदावरचे पहिले भारतीय. ट्राम थांबवा, असं त्यांनी म्हटलं असतं तरी कोणी ऐकलं नसतं. वेधशाळा हलवायचं ठरलं आणि जागा निवडली अलिबागची. तिथे चुंबकीय उपकरणांसाठी ज्या इमारती उभारल्या, त्यांत लोखंड वापरायचं नाही असा दंडक होता. पोरबंदरचा दगड आणि तांब्या-पितळेचं सामान वापरून ते काम झालं. एका कुलाब्याहून वेधशाळा दुसऱ्या कुलाब्याला आली, असं मी गमतीने म्हणतो, कारण अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरून आपल्या जिल्ह्याचं नावही तेव्हा कुलाबा होतं. ते रायगड झालं १९८१ मध्ये.

मला यातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते ती पुढचीच. अलिबागचं काम १९०४ मध्ये सुरू झालं, पण मूस यांनी मुंबईचं काम लगेच बंद केलं नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी निरीक्षणं चालली. दोन ठिकाणच्या आकड्यांत किती फरक पडतो हे कळल्याशिवाय जुनी वही नव्या वहीला जोडता येत नाही. विजेच्या ट्राम धावू लागल्या मे १९०७ मध्ये, तोवर सांधा पक्का बसला होता. त्या दोन वर्षांचा दुप्पट खर्च कोणाच्या डोळ्यांत खुपला असेल, नसेल. पण तो झाला म्हणून १८४१ पासूनची मालिका आजही सलग आहे.

भरतीमापकाचंही असंच आहे. यंत्र धक्क्यावर बसवलेलं असतं. धक्का दोन बोटं खचला तर यंत्र सांगेल, समुद्र दोन बोटं चढला! म्हणून जवळच्या पक्क्या खुणेशी त्याची पातळी पुन्हापुन्हा ताडून पाहावी लागते. नाखवांचा प्रश्न नेमका इथेच आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले ए. एस. उन्नीकृष्णन आणि डी. शंकर यांनी मुंबईसह उत्तर हिंदी महासागरातल्या अशा जुन्या नोंदी तपासल्या. जमिनीच्या संथ हालचालीचा हिशेब वजा-जमा करून २००७ मध्ये त्यांनी उत्तर दिलं: समुद्र चढतो आहे, वर्षाला १.०६ ते १.७५ मिलिमीटर. ही जुन्या, लांब नोंदींची सरासरी. १९९३ नंतर उपग्रहही पातळी मोजू लागले. उन्नीकृष्णन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १९९३ ते २०१२ या वर्षांचा उत्तर हिंदी महासागराचा आकडा काढला, तो वर्षाला सुमारे ३.२ मिलिमीटर निघाला. म्हणजे वेग दुपटीहून अधिक दिसतो. वीस वर्षांचा काळ अशा निष्कर्षाला तोकडा आहे, कारण समुद्राची पातळी काही दशकं आपणहूनही वरखाली होत असते. पण जगभरच्या आकड्यांचा कलही तिकडेच आहे, हे विसरता येत नाही. तापलेलं पाणी फुगतं आणि जमिनीवरचं बर्फ वितळून समुद्रात येतं, ही त्याची मुख्य कारणं.

तीन मिलिमीटर म्हणजे काय, असं कोणी म्हणेल. तांदळाच्या दाण्याच्या लांबीइतकेही ते भरत नाहीत. पण खारीतल्या शेतकऱ्याला विचारा. आगर म्हणजे मिठागर, आणि आगर म्हणजे नारळी-पोफळीची वाडीही. दोन्हींचं नशीब खारं पाणी कुठवर येतं यावर ठरतं. खारीच्या बाहेरच्या बांधाची उंची मोठ्या उधाणावर बेतलेली असते. पूर्वी कुलाबा जिल्ह्यात शिलोत्री पद्धत होती. शिलोत्रीदाराने बांधाची देखभाल करायची आणि त्याबद्दल शेतकऱ्यांकडून ठरलेला वाटा घ्यायचा. १८८३ च्या गॅझेटिअरमध्ये तिची माहिती आहे. पुढे १९४८ च्या खारजमीन कायद्यानंतर हे काम सरकारकडे गेलं. व्यवस्था कोणाचीही असो, वर्षाला ३.२ मिलिमीटरने तीस वर्षांत जवळजवळ दहा सेंटिमीटर होतात. बांध तेवढाच राहिला, तर पूर्वी काठाला टेकून परत जाणारं उधाण काठावरून आत येतं. एकदा खांड पडली की शेत पुन्हा गोडं व्हायला काही पावसाळे जावे लागतात.

त्यात वादळं. पुण्याच्या उष्णप्रदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या मेधा देशपांडे आणि सहकाऱ्यांनी १९८२ ते २०१९ या काळातल्या नोंदी पाहिल्या. त्यांच्या अभ्यासाप्रमाणे या काळाच्या उत्तरार्धात अरबी समुद्रातली चक्रीवादळं बावन्न टक्क्यांनी वाढली. ३ जून २०२० चं 'निसर्ग' आपण सगळ्यांनी भोगलं. मुरूड-श्रीवर्धनच्या वाड्यांतल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. पोफळ लावल्यापासून हाती सुपारी यायला किती वर्षं लागतात, हे वाडीवाल्याला सांगायला नको.

त्या दिवशी सकाळी ज्येष्ठ शुद्ध द्वादशी होती, पुनवेला दोन दिवस उरले होते. बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे भरती सकाळी नऊच्या सुमाराला येऊन गेली आणि वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं ते दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, ओहोटी लागलेली असताना. वाऱ्याने जे न्यायचं ते नेलं, पण पाण्याला त्या वेळी पुरती उंची नव्हती. तेच वादळ सात-आठ तास उशिरा आलं असतं, तर त्याला रात्रीची भरती सापडली असती.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)