भिंतीआडची जखम

दिवाळीच्या सुट्टीत दोन जुने युद्धाचे गेम पुन्हा खेळून संपवले. प्लेस्टेशनवरचा 'मेडल ऑफ ऑनर' (१९९९) आणि एक्सबॉक्स ३६० वरचा 'कॉल ऑफ ड्यूटी २' (२००५). पहिल्यात गोळी लागली की औषधाची पेटी शोधत फिरावं लागतं. दुसऱ्यात तीही कटकट नाही. भिंतीआड जरा दबून बसा, जखम आपोआप बरी! खेळाला वेग येतो, मजा येते. पण...

त्याच महायुद्धाच्या काळात आपल्या सोलापूरचा एक माणूस चीनमध्ये खऱ्या जखमा शिवत होता. डॉ. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१०. काँग्रेसने १९३८ मध्ये पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले. जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर ते शस्त्रक्रिया करत राहिले. बाकीचे चौघे यथावकाश मायदेशी परतले, हे नाही. ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. वय अवघं ३२.

गेममध्ये पडलेला शिपाई काही सेकंदांत उठतो. तिथे एकेकाला उभं करायला कुणीतरी रात्र रात्र जागत होतं. असो. भाचेमंडळी, गेम खुशाल खेळा, मीही खेळणारच. फक्त सोलापूरला आलात की कोटणीस स्मारक बघून या.