हातातला उजेड आणि कपाळावरचा उजेड

श्रोतेहो, रात्रीची वेळ आहे. पंपाची वीज रात्रपाळीची, म्हणून तुम्ही दारे धरायला निघाला आहात. एका हातात खोरे, दुसऱ्या हातात बॅटरी. मग काठी कुठल्या हातात धरायची? प्रश्न साधा दिसतो, पण तो जुना आहे. तो पहिल्यांदा हिरिरीने सोडवला, तो खाणीत उतरणाऱ्या मजुरांसाठी. त्यांची हकिगत ऐकली, म्हणजे बाजारात बॅटरी निवडताना काय पाहावे, हे आपोआप उमजते.

आपल्याकडे पूर्वी वाट दाखवायला चूड असे, टेंभा असे. पुढे रॉकेलचा कंदील आला. या सगळ्या उजेडाला हात अडकवावा लागे, आणि ज्योत उघडी असली तर वारा तिला जगू देत नसे. कोळशाच्या खाणीत मात्र ज्योतच माणसाला जगू देत नसे. तिथे जळाऊ वायू साचतो. इंग्लंडमधल्या फेलिंगच्या खाणीत १८१२ साली स्फोट झाला आणि ९२ माणसे गेली. पुढे १८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी बसवली. जाळी ज्योतीची उष्णता शोषून घेते, त्यामुळे आग बाहेरच्या वायूपर्यंत पोहोचत नाही. युक्ती नामी होती, पण उजेड मंद, आणि दिवा हातातच.

पुढे अमेरिकेतल्या खाणींत टोपीवर अडकवायचा कार्बाइडचा दिवा आला. कार्बाइडवर पाण्याचे थेंब पडत, त्यातून निघणारा वायू भगभगीत जळे. हात मोकळे झाले खरे, पण ज्योत पुन्हा उघडीच राहिली!

इकडे दुसरी एक वाट निघाली होती. १८८६ साली जर्मनीत कार्ल गासनर याने न सांडणारा कोरडा सेल तयार केला. त्याच्या जोरावर १८९९ मध्ये न्यूयॉर्कला डेव्हिड मिसेल याला नळीच्या आकाराच्या हातबॅटरीचे पेटंट मिळाले. त्या वेळचे सेल दुबळे, दिव्यातली तार कार्बनची. दिवा क्षणभर लावायचा आणि सेलला विसावा द्यायचा. म्हणून इंग्रजीत तिचे नाव पडले ‘फ्लॅश लाइट’, म्हणजे लखकन् चमकणारा दिवा. टंगस्टनची तार आल्यावर मग ती नीट टिकून जळू लागली.

या दोन वाटा एकत्र आल्या त्या एका अपघातानंतर. १९१२ साली अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात जेड नावाच्या खाणीत स्फोट होऊन ऐंशीहून अधिक मजूर मेले. ते पाहून जॉन रायन आणि जॉर्ज डाइकी हे दोन अभियंते एडिसनकडे गेले. १९१४ च्या सुमारास दिवा तयार झाला : टोपीवर विजेचा दिवा, कमरपट्ट्याला पुन्हा भरता येणारी बॅटरी, आणि एका भरणीत बारा तासांचा उजेड. ध्यानात घ्या, सगळ्यांत झगझगीत दिवा करावा, हा त्यांचा हेतू नव्हता. पाळी संपेपर्यंत विझू नये, हात मोकळे राहावेत आणि जीव जाऊ नये, एवढेच त्यांना हवे होते.

आपल्या चंद्रपूरकडचे खाणकामगारही टोपीवर दिवा लावूनच खाली उतरतात. कमरेचे ओझे मात्र हलके झाले. त्याला कारण दोन शोध. १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली, आणि १९९३ मध्ये जपानात शुजी नाकामुरा याने प्रखर निळा एलईडी दिवा केला. त्या निळ्यावर पिवळे लुकण चढवून पांढरा उजेड मिळाला. या कामाचे नोबेल पारितोषिक २०१४ साली तिघांना वाटून दिले गेले.

आता दुकानात चला. खोक्यावर लुमेनचा मोठा आकडा असतो. तो बहुधा दिवा नुकताच लावलेला असतानाचा असतो. थोड्या वेळाने उजेड उतरतो. नुसता त्या आकड्याला भुलणे म्हणजे टेंभा मिरवणेच. पायापुढची वाट दिसायला पन्नास ते शंभर लुमेन पुरेत. तेवढ्या उजेडावर ती रात्रभर टिकते का, हे विचारा. सेल किंवा चार्जर गावात मिळतो का, पावसाचे शिंतोडे सोसते का आणि ओल्या हाताने बटण दाबता येते का, हेही पाहा.

आणि कपाळावर बांधायची की हातात धरायची? गुरुजी, वर्गात एक प्रयोग करा. खोलीत अंधार करून जमिनीवर खडे पसरा. बॅटरी डोळ्यांजवळ धरा, मग गुडघ्याजवळ आणा. डोळ्यांजवळच्या उजेडात सावल्या खड्यांमागे दडतात आणि सगळे सपाट भासते. खालच्या उजेडात सावल्या लांबतात, प्रत्येक खडा उठून दिसतो. तेव्हा चालताना हातबॅटरी खाली धरावी आणि दुसऱ्या हातात काठी घ्यावी. मोटार दुरुस्त करताना, दारे मोडताना, गाय व्यायला आली असताना मात्र कपाळावरची लावावी. जमल्यास दोन्ही छोट्या घ्या. एक विझली तर दुसरी असते.

एवढा खल कशासाठी, म्हणाल. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे, की २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली. त्यांतली बहुतेक खेड्यांतली. मण्यार तर रात्रीच हिंडते, आणि तिचा दंश कित्येकदा जाणवतही नाही. बॅटरी असली तरी पायांत बूट हवेतच, आणि दंश झालाच तर मांत्रिकाकडे न जाता थेट दवाखाना गाठावा.

खाणीतल्या मजुरांना सुरक्षित उजेड मिळाला, तो शेकडो माणसे गेल्यावर. आपल्याला तो बाजारात तयार मिळतो आहे. तेव्हा आज रात्री घराबाहेर पडण्याआधी एकच करा : उंबऱ्यातच बॅटरी लावून पाहा. मंद वाटली, तर सेल बदला आणि मगच पाऊल टाका.