बत्तीसचं पिस्तूल आणि १८५७ ची काडतुसं

लायसनच्या पिस्तुलाचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास कानावर येतं. "बत्तीस बोअर काय घेता भाऊ, आतली नळी बदलून नाइन एमएम करून देणारे आहेत." सांगणारा असं सांगतो, जणू गाडीचं टायरच बदलायचं आहे. पोस्ट थोडी लांब आहे, पण पूर्ण वाचा, कारण या बोअरच्या भानगडीला १६० वर्षांहून जास्त इतिहास आहे. आणि त्या इतिहासात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: सरकारचा भरवसा कोणावर?

सुरुवात १८५७ पासून करू. चरबीच्या काडतुसांची गोष्ट आपण शाळेत शिकलो. ती काडतुसं ज्या एनफिल्ड रायफलची होती, तिचा बोअर .५७७ इंच. नळीच्या आत पेचदार खाचा, त्यामुळे गोळी फिरत आणि नेमकी जायची. आपला भाग १८५४ मध्ये नागपूरच्या भोसल्यांचं राज्य खालसा झाल्यावर इंग्रजांकडे गेला होता. जून १८५७ मध्ये नागपूरला टाकळीच्या घोडदळाचा उठावाचा बेत फसला आणि त्यांची हत्यारं काढून घेण्यात आली. हे सगळं शांत झाल्यावर इंग्रजांनी काय केलं, ते मात्र शाळेत कोणी सांगत नाही.

त्यांनी हिंदी शिपायासाठी त्याच एनफिल्डची वेगळी आवृत्ती काढली. नळीतल्या खाचा गायब, बोअर मोठा करून .६५६. बाहेरून बंदूक तीच, वजनालाही जवळपास तशीच, पण नेम लांबवर लागायचा नाही. गोऱ्या शिपायाकडे रायफल आणि काळ्या शिपायाकडे गुळगुळीत नळीची मस्केट! बोअर बदलण्याचा आपल्या देशातला पहिला मोठा प्रयोग हाच म्हणायला हरकत नाही, आणि तो बंदूक सुधारण्यासाठी नव्हता. मुद्दाम बिघडवण्यासाठी होता.

पुढे हा शिरस्ताच पडला. गोऱ्यांकडे मार्टिनी-हेन्री आली तेव्हा आपल्याकडच्यांना स्नायडर. गोऱ्यांना ली-मेटफर्ड मिळाली तेव्हा यांच्या हाती मार्टिनी. कायम एक पिढी मागे. १९१४ मध्ये हिंदी पलटणी फ्रान्सला मार्सेय बंदरात उतरल्या, तेव्हा कुठे त्यांना तिथल्या तिथे नव्या रायफली दिल्या गेल्या. जर्मनांसमोर उभं करायचं होतं ना!

सामान्य माणसासाठी १८७८ चा शस्त्र कायदा होताच, लॉर्ड लिटनचा. हिंदी माणसाला लायसन लागायचं, युरोपियनाला सूट. पण गंमत पाहा, बोअरच्या बाबतीत पुढे गोऱ्या साहेबांनाही दणका बसला. वायव्य सरहद्दीवर चोरीच्या आणि तस्करीच्या .४५० मार्टिनी रायफली सरकारवरच चालत होत्या. म्हणून १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात .४५० बोअर आणायलाच बंदी आली. वाघ-गव्यावर .४५० चालवणारे शिकारी साहेब अडकले. मग विलायतेतल्या बंदूक कंपन्यांनी बंदीला वळसा घातला. हॉलंड अँड हॉलंडने .४६५ काढली, जोसेफ लँगने .४७०. म्हणजे आफ्रिकेत हत्ती मारण्यासाठी नावाजलेल्या या बंदुका जन्मल्या त्या आपल्याकडच्या एका सरकारी आदेशामुळे.

तेव्हा आपण मध्य प्रांतात होतो. भंडारा जिल्ह्यात तहसिली तीनच: भंडारा, तिरोडा आणि आपली साकोली. जंगलाकाठच्या माणसाकडे असलीच तर ठासणीची भरमार. बोअर म्हणजे काय, हे त्याला विचारायचं कारणच नव्हतं.

पोलिसांवर तरी भरवसा होता का? तिथेही तेच. इशापूरच्या कारखान्यात थ्री-नॉट-थ्री रायफलींच्या नळ्या गुळगुळीत करून .४१० च्या मस्केट बनवल्या गेल्या, पोलीस आणि जेलच्या पहारेकऱ्यांसाठी. मॅगझिनच्या जागी ठोकळा, एका वेळी एकच गोळी. जमावाने हिसकावली किंवा शिपायानेच उलटी फिरवली, तरी फौजेला धोका नको. १८५८ चंच डोकं, फक्त आकडा वेगळा.

स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला. गोरा-काळा भेद गेला, बोअरचा हिशेब राहिला. फौज आणि पोलीस जी काडतुसं वापरतात ती नागरिकाच्या बंदुकीत बसता कामा नयेत, कारण सरकारी गोळी बाहेर गळाली तर ती चालवायला हत्यार नको. म्हणून नागरिकांसाठी रायफल .३१५ ची, जिला लोक ८ एमएम म्हणतात. कानपूरचं बत्तीसचं रिव्हॉल्व्हर पाहा, ते मुळात वेब्लीच्या .३८ चा घाट. इशापूरचं बत्तीसचं पिस्तूल जुन्या ब्राउनिंगच्या वळणाचं. त्याच इशापूरने फौजेला ब्राउनिंगचंच ९ एमएम पिस्तूल दिलं. कारखाना एक, गिऱ्हाइकं दोन, बोअर दोन.

आता त्या नळी बदलून देणाऱ्याकडे येऊ. नियमातली भाषा नीट वाचा. पिस्तुलावर कोणता आकडा कोरलाय हे तिथे महत्त्वाचं नाही. सरकारी ९ एमएम काडतूस ज्यात बसतं आणि उडतं, ते कोणत्याही बोअरचं पिस्तूल निषिद्ध. म्हणजे ज्या दिवशी नळी बदलली, त्या दिवशी तुमचं लायसनचं हत्यार बेकायदा झालं. कलम ५ मध्ये 'बदल करणे' हा शब्द स्पष्ट आहे, त्यासाठी वेगळं लायसन लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा किमान ७ वर्षं आणि जास्तीत जास्त जन्मठेप. शिवाय ९ एमएमचा दाब बत्तीसच्या दीडपटीहून जास्त असतो. बत्तीसचं साधं पिस्तूल स्लाइडच्या वजनावर आणि स्प्रिंगवर तो झटका सांभाळतं. ते वजन बत्तीसच्या हिशेबाचं. स्लाइड तुटली तर ती मागे येते, म्हणजे चालवणाऱ्याच्या तोंडाकडे. पैसे घेणारा तेव्हा तिथे नसतो, राजेहो.

हे धोरण सगळंच बरोबर, असं माझं म्हणणं नाही. २६/११ च्या रात्री सीएसटीवर एके-४७ समोर आपले पोलीस थ्री-नॉट-थ्री घेऊन उभे होते. नागरिकाच्या हाती काय नको याचा एवढा बारीक हिशेब, आणि शिपायाच्या हाती काय हवं याचा विचार एवढा उशिरा! उत्तर प्रदेश पोलिसांनी तर ती रायफल २६ जानेवारी २०२० च्या परेडमध्ये निरोप देऊन बाजूला ठेवली.

आणि २०१६ पर्यंत लागू असलेल्या १९६२ च्या आर्म्स रूल्सची निषिद्ध यादी उघडा. .३०३ तर होतीच, पण इंग्रजांनी मुद्दाम बिघडवलेली ती .४१० ची मस्केटही तिथे नावानिशी नोंदवलेली होती.